कोडिंग शिका मराठीतून, घरी नेट नसलं तरी

परवा गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला एका अभ्यासिकेत एका मुलीनं विचारलं, "दादा, इंग्रजी कच्चं आहे, गावात रेंज नाही. कोडिंग जमेल का?"

नक्की जमेल! आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' बघा. पायथॉन, लिनक्स, लिब्रेऑफिस... साधारण 10 मिनिटांचे मोफत व्हिडिओ, बऱ्याच विषयांचं निवेदन मराठीत. चंद्रपूर-गडचिरोलीला गेलात की पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

नुसतं बघू नका. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर प्रोग्रॅम. एक ओळ झाली की थांबवा, स्वतः टाइप करा, चालवा. एरर आली तर घाबरू नका. तिची शेवटची ओळ आधी वाचा. कंस सुटलाय की नाव चुकलंय, बहुतेक वेळा तिथेच कळतं.

आणि एकट्यानं शिकू नका. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावानं 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला, त्यामागे गावाच्या अभ्यासगटाची जुनी सवय होती. तसाच चार-पाच जणांचा गट करा. सुरुवातीला एक लॅपटॉप पुरतो.

नोकरीसाठी प्रमाणपत्रापेक्षा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकलेलं स्वतःचं काम जास्त बोलतं, हे माझं ठाम मत.

कुठे अडलात तर एररचा फोटो कमेंटमध्ये टाका. मिळून सोडवू.