शेतात तोफगोळा सापडला तर...
पन्हाळा किंवा सामानगडाच्या पायथ्याला नांगरताना लोखंडी गोळा वर आला, तर घाई करू नका. १६६० च्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला आलेल्या इंग्रजांनी पन्हाळ्यावर दारूचे गोळे टाकले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात या दोन्ही गडांवर इंग्रजी तोफा धडाडल्या.

भरीव गोळा म्हणजे नुसते लोखंड. पण भोक असलेला गोळा पोकळ असतो आणि त्यात दारू असू शकते. कोरडी राहिलेली दारू शेकडो वर्षांनीही पेट घेते. मातीने बुजलेले भोक दिसतही नाही.

म्हणून गोळा उचलू नका, ठोकू नका, चुलीजवळ नेऊ नका, भंगारात विकू नका. जागेवर खूण करा, पोरे-गुरे लांब ठेवा आणि पोलीस पाटलांना कळवा किंवा ११२ वर फोन करा. चार पैशांच्या लोखंडापेक्षा घरचा माणूस मोलाचा!