डब्यावर न छापलेले घटक

खेळातील कामगिरी सुधारावी म्हणून रोजच्या आहाराखेरीज घेतल्या जाणाऱ्या पावडरी, गोळ्या व पेये यांना क्रीडापूरके म्हणतात, आणि त्यांत क्रिएटिनइतका अभ्यास क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. हा पदार्थ मुळात शरीरातच तयार होतो, मांस व मासे यांतूनही मिळतो, आणि स्नायूंमध्ये फॉस्फेटशी जोडला जाऊन पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूची खर्च झालेली शिल्लक झपाट्याने भरून काढतो. त्यामुळे वजन उचलणे किंवा छोट्या पल्ल्याची धाव अशा, थोडा वेळ पूर्ण जोर लावावा लागणाऱ्या प्रकारांत त्याचा उपयोग होतो. मॅरेथॉनमध्ये तो फारसा होत नाही. निरोगी प्रौढांसाठी दररोज ३ ते ५ ग्रॅमची मात्रा सुरक्षित असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. वाढत्या वयातील मुलांवरील अभ्यास मात्र थोडे आणि अल्पकाळाचे आहेत, म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना कामगिरी वाढवण्यासाठी किशोरांनी अशी द्रव्ये घेण्याला विरोध करते.

तथापि खरा धोका डब्यावर छापलेल्या घटकांपेक्षा न छापलेल्या घटकांचा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या साहाय्याने कोलोन येथील प्रयोगशाळेने २००० व २००१ या वर्षांत १३ देशांतून घेतलेली ६३४ पूरके तपासली, तेव्हा ९४ नमुन्यांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, वेष्टनावर उल्लेख नसलेली संप्रेरकसदृश द्रव्ये सापडली. अशी द्रव्ये शरीरात स्टेरॉइडसारखे काम करतात आणि किशोरवयात हाडांची वाढ वेळेआधीच थांबवू शकतात. शिवाय उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो, मग ते अजाणता गेलेले का असेना. २०१० च्या राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांत ४ x ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय धावपटूंपैकी काही जणी २०११ मध्ये स्टेरॉइड चाचणीत दोषी आढळल्या, तेव्हा दूषित जिनसेंगचे कारण पुढे करण्यात आले; तरीही क्रीडा लवादाने त्यांची एक वर्षाची बंदी वाढवून दोन वर्षांची केली.

प्रथिनांची गरज तर दूध, अंडी, डाळी व शेंगदाणे यांतूनही भागू शकते, हे तालमीतील खुराकाची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये. पालकांनी आणि वस्तादांनी अठराच्या आतील मुलांच्या हाती डबा देऊ नये, आणि त्यानंतरही तो घ्यायचाच असेल, तर क्रीडावैद्यकाचा सल्ला घेऊन, स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलाच घ्यावा.