त्यांचा उन्हाळा, आपली पेरणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. धाराशिव जिल्ह्यात परांडा-भूमपासून उमरग्यापर्यंत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. सोयाबीनचे बियाणे आणि खताचा भाव याखेरीज घरात दुसरा विषय नसतो, आणि महिन्याच्या मध्यावर शाळेची घंटाही होते. नेमक्या याच दिवसांत अमेरिका-इंग्लंडमधल्या विद्यापीठांचे वर्ष संपलेले असते. वसतिगृहे ओस पडतात, ग्रंथालयात शुकशुकाट होतो. तिकडे ज्याला 'समर स्कूल' म्हणतात ती शाळा या रिकाम्या खोल्यांत भरते. म्हणजे धाराशिवच्या मुलाला तिथे जायचे असेल तर त्याची इथली उन्हाळ्याची सुट्टी आधीच संपलेली असते, वडिलांचा पैसा मातीत पडलेला असतो आणि अकरावी-बारावीचे क्लास भरात आलेले असतात. माहितीपत्रकातल्या हिरवळीच्या फोटोंखाली ही अडचण कुणी छापत नाही.

तरी तालुक्याच्या गावातूनही आता विचारणा होते. कुणाच्या मावसभावाची मुलगी जाऊन आलेली असते, कुणाला मोबाइलवर जाहिरात दिसलेली असते. फी ऐकली की घरात दोन तट पडतात: एकाला ही आयुष्यात एकदाच येणारी संधी वाटते, दुसऱ्याला शुद्ध लूट. दोघांचेही खरे असू शकते, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे धंदे चालतात.

पहिला धंदा जागेचा. हार्वर्डची उन्हाळी शाळा १८७१ पासून चालू आहे. अमेरिकेतली ती सर्वांत जुनी मानतात. तेव्हापासून विद्यापीठांना एक गोष्ट कळली आहे. लग्नसराई नसताना मंगल कार्यालय भाड्याने द्यावे, तशी जून ते ऑगस्ट वसतिगृहे भाड्याने देता येतात. काही ठिकाणी विद्यापीठ स्वतः वर्ग चालवते. येल विद्यापीठाचा 'यंग ग्लोबल स्कॉलर्स' हा शालेय मुलांसाठीचा कार्यक्रम दोन आठवड्यांचा असतो आणि त्याची फी साडेसहा-सात हजार डॉलरच्या घरात जाते. गरजू मुलांना त्यात सवलतही मिळते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची उन्हाळी शाळा कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी असते, तीन-तीन आठवड्यांच्या सत्रांची, शेवटी परीक्षा घेणारी. पण ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये अनेकदा असे होते की खोल्या कॉलेजच्या, जेवणाचा जुना लाकडी हॉल कॉलेजचा, आणि शिकवणारी, फी घेणारी, प्रमाणपत्र देणारी मात्र एक खासगी कंपनी. विद्यापीठाचा त्या अभ्यासक्रमाशी काही संबंध नसतो. मुलगा ऑक्सफर्डमध्ये राहून येतो, ऑक्सफर्डमध्ये शिकून येत नाही. प्रमाणपत्रावर सही कुणाची, एवढे पाहिले तरी निम्मा उलगडा होतो.

याहून हलका प्रकार 'निवडपत्रा'चा. मुलाने कुठे अर्जही केलेला नसतो आणि ई-मेल येते: आपल्या पाल्याची भावी जागतिक नेता म्हणून निवड झाली आहे, अमुक तारखेपर्यंत रक्कम भरून जागा निश्चित करा. हॉटेलात पाच दिवस, भाषणे, फोटो. अशी पत्रे फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली मी पाहिली आहेत. त्यावर काही बोललो नाही. पाहुण्याने किती बोलावे यालाही मर्यादा असते.

दुसऱ्या धंद्याला धंदा म्हणणे खरे तर अन्याय आहे. १९५७ मध्ये अर्नाल्ड रॉस या गणितज्ञाने अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी उन्हाळ्यात गणिताचे निवासी शिबिर सुरू केले. ते आजही चालते. त्याच परंपरेतले 'प्रॉमिस' १९८९ पासून बॉस्टन विद्यापीठात भरते. दोन्ही सहा-सहा आठवड्यांची, चौदा-पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी. १९८४ मध्ये सुरू झालेली आणि आता एमआयटीत भरणारी 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' तर निवडलेल्या मुलांकडून शिकवण्याचे किंवा राहण्याचे पैसेच घेत नाही. तिथे मुले एकेका संशोधकाच्या हाताखाली काम करतात. रॉस आणि प्रॉमिसला फी आहे आणि मदतही आहे. पण आत शिरण्याचा रस्ता फीवरून जात नाही. अर्जासोबत गणिते येतात. ती घरी बसून, काही आठवडे घेऊन सोडवायची. कुणाची मदत घ्यायची नाही. सगळी सुटली पाहिजेत असेही नाही. कागदावर तुमचा विचार कसा चालला, कुठे अडला, अडल्यावर तुम्ही काय करून पाहिले, हे त्यांना बघायचे असते.

ही गणिते कशी असतात? मासल्यासाठी एक जुना प्रश्न घेऊ. ९ म्हणजे ४ अधिक ५. ६ म्हणजे १ अधिक २ अधिक ३. १० म्हणजे १ ते ४ यांची बेरीज. एकापाठोपाठच्या संख्या मिळवून कोणकोणत्या संख्या तयार होतात? सातवीतली मुलगीही कागद घेऊन बसू शकते. विषम संख्या पटापट होतात. ८ मात्र काही केल्या होत नाही. ४ होत नाही, १६ होत नाही. मग ३२? तीही नाही. आता शंका येते की दोनाची दुप्पट, तिची दुप्पट करत गेल्यावर येणाऱ्या या संख्या कधीच जमणार नाहीत. इथवर कुणीही पोहोचते. खरे काम यापुढचे: कधीच जमणार नाहीत हे कशावरून? आणि बाकीच्या सगळ्या जमतातच हे तरी कशावरून? त्या 'कशावरून'साठी दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडा जातो.

रॉस किंवा प्रॉमिसमधला दिवसही याच चालीने जातो. सकाळी संख्या सिद्धांताचे व्याख्यान, आणि रोज प्रश्नांचा एक नवा कागद. त्यात पुढच्या आठवड्यात शिकवायच्या गोष्टी आधीच पेरलेल्या असतात, म्हणजे प्रमेय मुलांना आधी स्वतः शोधावे लागते आणि मग ते फळ्यावर येते. वसतिगृहात मुलांसोबत कॉलेजमधले तरुण राहतात. ते वह्या तपासतात, पण उत्तर सांगत नाहीत. शाळेत पहिला येणारा मुलगा इथे आठवडाभर गोंधळलेला असतो, आणि शेजारच्या खोलीतलाही तितकाच गोंधळलेला आहे हे कळल्यावर थोडा सावरतो. बाकी गोष्टी किरकोळ आहेत: कपडे स्वतः धुवायचे, बाहेर जाताना वहीत नोंद करायची, रात्री ठरल्या वेळी खोलीत हजर व्हायचे. शेंगदाण्याची चटणी घट्ट बांधून नेता येते, भाकरीचे मात्र जमत नाही.

आपल्या मुलांना घर सोडून राहणे नवे नाही, हे इथे सांगायला हवे. कळंबची, लोहाऱ्याची कितीतरी मुले दहावी झाली की लातूरला खोली घेऊन राहतात. मेसचे जेवण, रात्रीची अभ्यासिका, रविवारी डबा घेऊन आलेले वडील, हे सारे त्यांनी पंधराव्या वर्षीच पाहिलेले असते. वेगळा असतो तो अभ्यासाचा वेग. नीटच्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न येतात. मिनिटाला एक. ज्या प्रश्नावर अडलो तो सोडून पुढे जायचे, असे आपण मुलांना दोन वर्षे घोटून शिकवतो. त्या परीक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण अडलेल्या प्रश्नापाशी मुक्काम ठोकायची सवय त्यात जाते, आणि या शिबिरांना नेमकी तीच हवी असते. म्हणून नव्वद-पंचाण्णव टक्क्यांचा मुलगा पहिल्याच गणितावर अर्ज मिटतो. दुसरीकडे एखादा मध्यम गुणांचा, मास्तरांना छळणारा मुलगा आठ पाने भरून पाठवतो.

उपयोग काय, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. नीट, जेईई किंवा सीईटीच्या प्रवेशात या शिबिरांना शून्य गुण आहेत. तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाला गेल्याने त्याच विद्यापीठात पुढे प्रवेश मिळतो, हाही गैरसमज आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच.डी.च्या पूर्ण शिक्षणासाठी मिळते, अशा छोट्या शिबिरांसाठी नाही. जिथे फी घरच्या वर्षाच्या उत्पन्नाहून मोठी आहे आणि निवड नावापुरती आहे, तिथे शेत गहाण ठेवून जाऊ नये, असे माझे मत आहे आणि ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही.

मग धाराशिवच्या मुलाने सुरुवात कुठून करावी? बॉस्टनपेक्षा बंगळूर जवळ आहे. 'प्रॉमिस इंडिया' हे त्याच धर्तीचे सहा आठवड्यांचे शिबिर तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत भरते, आणि तेही मेमध्ये सुरू होते, म्हणजे आपल्या सुट्टीत. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' हा दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम २०१९ पासून आहे. खर्च इस्रोचा, आणि निवडीत ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांना जादा गुण. हा जादा गुणांचा नियम आपल्या किती मुख्याध्यापकांना ठाऊक असेल कोण जाणे. कॉलेजात गणित घेतलेल्यांसाठी प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले 'एमटीटीएस' शिबिर आहे: चार आठवडे, फुकट, आणि वर्गात प्रश्न विचारून मुलांना भंडावून सोडणारे. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही आहे. हे सगळे करून झाल्यावर कॅनडाची 'मिटॅक्स ग्लोबालिंक' ही बारा आठवड्यांची संशोधन उमेदवारी फार लांबची राहत नाही. शाळकरी मुलांसाठी जपानचा 'साकुरा सायन्स' कार्यक्रम २०१४ पासून चालतो आणि भारत त्यात २०१६ मध्ये आला. तो थोड्याच दिवसांचा असतो, पण खर्च जपानचा, निवड शिक्षण खात्यामार्फत, आणि नवोदय व सरकारी शाळांच्या मुलांना त्यात जागा आहे. तुळजापूरला नवोदय विद्यालय आहे. तिथल्या काही मुलांना नवोदयच्या नियमाप्रमाणे नववीचे वर्ष हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयमध्ये काढावे लागते. परक्या भाषेत, परक्या वसतिगृहात वर्ष काढलेल्या त्या मुलांना सहा आठवड्यांची काय भीती?

तुळजापुरात तर हा सगळा व्यवहार उलट्या दिशेनेही चालतो. आपसिंगा रस्त्यावर टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार १९८६ पासून आहे. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतली मुले तिथे वसतिगृहात राहतात आणि आसपासच्या गावांत जाऊन शिकतात. त्यांच्या दृष्टीने आपले गाव हेच परके ठिकाण. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे याच आवारात शिकले. त्यांनी पुढे 'एकलव्य' ही संस्था उभी केली आणि २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अर्ज कसा लिहायचा, कुठे करायचा, हे एकलव्यचे लोक निवासी कार्यशाळांत शिकवतात. परदेशाची वाट पुण्याच्या एजंटाच्या कार्यालयातूनच जाते असे नाही.

आता कागद. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला आई-वडिलांची संमती लागते, तो आधी काढून ठेवावा. अमेरिकेत आठवड्याला अठरा तासांपेक्षा जास्त वर्ग असतील तर पर्यटक व्हिसा चालत नाही, विद्यार्थी व्हिसा लागतो. वकिलातीला उत्पन्न दाखवावे लागते, आणि इथे शेतकरी बाप अडतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आडत्याच्या पट्ट्या, बँकेचे पासबुक, आणि या सगळ्याचे इंग्रजी भाषांतर. आणखी एक खास आपली अडचण: २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, त्यामुळे मुलाच्या जन्मदाखल्यावर उस्मानाबाद आणि शाळेच्या ताज्या कागदावर धाराशिव. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी गावे वाटणार. राजपत्राची प्रत आणि दोन ओळींचा खुलासा सोबत जोडावा.

राहता राहिले शिफारसपत्र, आणि अनेक चांगले अर्ज इथेच पडतात. अर्जाचे दिवस साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे प्रात्यक्षिके आणि बोर्डाची गडबड. अशा वेळी गुरुजी सवयीने लिहून देतात: सदर विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व चांगल्या वर्तणुकीचा आहे. वाचणाऱ्याला यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही, आणि आज्ञाधारकपणा तर तिथे फारसा कामाचा नाही. त्याऐवजी गुरुजींनी एवढेच लिहावे की अमुक महिन्यात वर्गात मी एक रीत शिकवली, या मुलीने ती मानली नाही, दोन तास माझ्याशी वाद घातला, आणि तिसऱ्या दिवशी ती दुसरी रीत घेऊन आली. ती रीत कोणती होती, हेही लिहावे. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहून शेजारच्या इंग्रजीच्या मास्तरांकडून उतरवून घ्यावे.