जुनी जीप आणि नवे पेट्रोल

मूळची अमेरिकी असलेली विलीज जीप महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस भारतात जुळवायला घेतली. सातारा-सांगली भागात अशी जीप घरीच दुरुस्त करू पाहणाऱ्या हौशींनी रंगापूर्वी पेट्रोलच्या मार्गाकडे लक्ष द्यावे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथल्या साखर कारखान्यांत मळीपासून तयार होणारे हे इथेनॉल ऊस उत्पादकाला आधार देते. जुन्या रबराला मात्र ते मानवत नाही.

त्यामुळे नळ्या व पंपाचा पडदा फुगून पुढे चिरतो. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यास पाणी तळाशी साचून टाकी आतून गंजते. गंजाचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात आणि जीप वाटेतच बंद पडते.

म्हणून टाकी उतरवून साफ करावी, पंपाआधी फिल्टर लावावा. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्यावेत. जीप दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी व कोरडी करावी. हे काम उघड्यावर, बॅटरीची तार काढून करावे. विलीजची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, हे विसरू नये.