कोजागरीच्या संध्याकाळी आलेला प्रकाश

सन २०२२ मध्ये कोजागरी पौर्णिमा ९ ऑक्टोबरला आली होती. जबलपुरातील दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत त्या दिवशी सहाला काही मिनिटे कमी असतानाच सूर्य मावळला. पावणेसात वाजले तेव्हा पूर्वेकडे घरांच्या छपरांवर चंद्र चढू लागला होता. मराठी घरांतून अशा वेळी दूध आटविण्याची आणि चारोळ्या, वेलची काढून ठेवण्याची गडबड चाललेली असते. या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक असते.

नेमक्या याच वेळी, ६ वाजून ४७ मिनिटांनी, सुमारे दोनशे कोटी वर्षे प्रवास करीत आलेला गॅमा किरणांचा एक प्रचंड लोट पृथ्वीवर येऊन आदळला. मानवाने उपकरणांच्या साहाय्याने नोंदलेल्या अशा सर्व स्फोटांत हा सर्वांत तेजस्वी होता. आकाशातील त्याचे स्थान श्रवण आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या दरम्यान, बाण नावाच्या चिमुकल्या तारकापुंजात होते. गणित करून पाहिले असता मोठी मौज दिसते. त्या क्षणी हा बिंदू दीक्षितपुऱ्याच्या जवळजवळ माथ्यावर होता. मस्तकाच्या थेट वरच्या बिंदूपासून तो केवळ नऊ अंश ढळलेला होता. हात लांब करून मूठ धरली तर तिने आकाशाचा जेवढा भाग झाकला जातो, साधारण तेवढा. तो अगदी डोक्यावर कोठे होता म्हणाल, तर पालघरच्या किनाऱ्यापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर पश्चिमेस, अरबी समुद्रात.

गच्चीवरील कोणालाही काही दिसले नाही, आणि कोणाला इजाही झाली नाही. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि आपले वातावरण ते वरच्या वर शोषून घेते. परंतु त्या वातावरणाला मात्र हा धक्का जाणवला. भारतातील विजांची नोंद घेणारी उपकरणे या स्फोटाने चाळवली गेली. पृथ्वीभोवतीच्या विद्युद्भारित थरात, ज्याला शास्त्रज्ञ आयनांबर म्हणतात, त्यात झालेली खळबळ काही तास टिकल्याचे जर्मनीतील उपकरणांनी टिपले. दोनशे कोटी प्रकाशवर्षांपलीकडे विझलेल्या एका ताऱ्याने आपल्या डोक्यावरचे छप्पर हलवावे, ही गोष्ट साधी नव्हे.

हे स्फोट म्हणजे काय, याचे थोडक्यात उत्तर असे. सूर्यापेक्षा कितीतरी पटींनी जड असा तारा इंधन संपल्यावर आपल्याच भाराने आत कोसळतो. त्याच्या गाभ्याचे बहुधा कृष्णविवर बनते आणि त्यातून दोन विरुद्ध दिशांना द्रव्याचे दोन झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतात. एखादा झोत नेमका आपल्या दिशेने असेल तर आपणांस गॅमा किरणांचा झगमगाट दिसतो. तो काही सेकंद, फार तर काही मिनिटे टिकतो. सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तेवढी अशा घटनेत काही सेकंदांत उधळली जाते. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळूनही असे स्फोट होतात. ते बहुधा दोन सेकंदांहून अल्पजीवी असतात.

झगमगाट संपला तरी सर्व संपत नाही. झोत पुढे धावतच असतो. भोवतालच्या विरळ वायूवर तो आदळतो, त्या आघाताने इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत गरगरू लागतात, आणि त्यांतून क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी बाहेर पडतात. ही मागे रेंगाळणारी आभा तास, दिवस, कधी महिनेही टिकते आणि क्रमाक्रमाने मंद होत जाते. तिला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न आमच्यासारख्या अनुवादकांपुढे उभा राहतो. ‘संधिप्रकाश’ हा शब्द गोड खरा, परंतु तो सूर्याच्या नावे लिहून दिलेला आहे. या लेखापुरता ‘उत्तरदीप्ती’ हा शब्द वाचकांनी चालवून घ्यावा.

या उत्तरदीप्तीवाचून आपण आजही अंधारात असतो. गॅमा किरणांचे स्फोट प्रथम आढळले ते २ जुलै १९६७ रोजी, आणि तेही शास्त्रासाठी चाललेल्या शोधात नव्हे. अवकाशात कोणी चोरून अण्वस्त्रांची चाचणी घेतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. त्यांना चाचणी सापडली नाही. सापडला तो कोणत्याही बाँबशी न जुळणारा गॅमा किरणांचा ठसका. ही हकीकत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ पाव शतक हे स्फोट आपल्याच आकाशगंगेत होतात की विश्वाच्या दूरच्या कडांवर, याचाच निकाल लागेना. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २,७०४ स्फोट मोजले. ते आकाशात चहूकडे सारखे विखुरलेले निघाले. तरीही वाद मिटला नाही, कारण अंतर मोजण्याचे साधनच हाती नव्हते. गॅमा किरणांवरून स्फोटाची दिशा ढोबळच कळते. आकाशाच्या एवढ्या मोठ्या तुकड्यात दुर्बीण रोखणार तरी कोठे?

ही कोंडी २८ फेब्रुवारी १९९७ रोजी फुटली. इटली आणि नेदरलँड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ या उपग्रहाने एका स्फोटाची क्ष-किरणांतील उत्तरदीप्ती पकडली, आणि पाठोपाठ जमिनीवरील दुर्बिणींना त्याच ठिकाणी मंदावत जाणारा एक प्रकाशबिंदू दिसला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट हवाई बेटावरील केक दुर्बिणीने घेतला आणि तो स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले. हे काम करणाऱ्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

उत्तरदीप्ती मंदावते तीही एका शिस्तीने. स्फोटानंतर दहा मिनिटांनी तिचे तेज जेवढे असेल, त्याचा साधारण दहावा हिस्सा शंभर मिनिटांनी उरतो आणि शंभरावा हिस्सा हजार मिनिटांनी. म्हणजे पहिल्या तासात जे निसटले, ते पुढे कितीही मोठी दुर्बीण लावली तरी हाती येत नाही. पुढे केव्हातरी हा उतार एकाएकी तीव्र होतो, आणि तो कधी तीव्र झाला यावरून झोत किती अरुंद होता याचे अनुमान काढता येते.

आता येथे पृथ्वीचे गोल असणे आडवे येते. १९ मार्च २००८ रोजी साडेसातशे कोटी प्रकाशवर्षांवरील एका स्फोटाचा दृश्य प्रकाश अर्ध्या मिनिटापुरता इतका वाढला की काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांनीही तो दिसू शकला असता. त्या वेळी भारतात दुपारचे पावणेबारा वाजत होते! रात्र होती ती अमेरिकेत. उलटपक्षी अमेरिकेत सूर्य उगवला की तेथील वेधकर्त्यांच्या नोंदी तुटतात आणि तो धागा पूर्वेकडील कोणीतरी उचलावा लागतो. २३ जानेवारी १९९९ चा स्फोट झाला तेव्हा भारतात दुपारचे सव्वातीन वाजले होते. न्यू मेक्सिकोतील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्याचा पहिला झगमगाट टिपला. त्यानंतर नैनितालच्या वेधशाळेने आपल्या १०४ सेंटिमीटरांच्या दुर्बिणीने त्याच्या उत्तरदीप्तीची मोजमापे घेतली. युरोप आणि अमेरिका यांमधील रात्रींच्या मध्ये जो मोठा खंड पडतो, तो भरून काढण्याचे काम भारताच्या रेखांशाकडे आपसूक आलेले आहे. आमच्या मते या विषयात भारताचे महत्त्व दुर्बिणींच्या आकारात नाही. ते या भूगोलात आहे.

पुढे साधनेही वाढली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही भारताची अवकाश वेधशाळा सुटली. तिच्यावरील अतिऊर्जावान क्ष-किरणांचे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, पुण्याची ‘आयुका’ आणि इतर संस्था यांच्या सहकार्याने तयार झाले. ते चालू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याला एक स्फोट गवसला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संख्या ६०० वर गेली. लडाखमधील हानले येथे, ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आय.आय.टी. यांनी ७० सेंटिमीटरांची एक स्वयंचलित दुर्बीण उभारली आहे. सूचना येताच ती आपली आपणच वळते. हाडे गोठविणाऱ्या थंडीत कोणी माणूस तिच्याशी उभा राहावा लागत नाही. रेडिओ लहरींसाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेतच. २९ मार्च २००३ च्या सुप्रसिद्ध स्फोटाची रेडिओ उत्तरदीप्ती त्यांनी मोजली होती.

या साधनांचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण गुप्तहेरकथेसारखे आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या. त्या ज्या दिशेने आल्या असाव्यात, त्या भागात शोध घेताना ज्योतिर्विदांना मंदावत जाणारा एक प्रकाशबिंदू आढळला. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश निघाला असता तर तो मोठाच शोध ठरला असता. परंतु त्या बिंदूच्या मंदावण्याचा आलेख मागे मागे नेला असता त्याचा जन्म दुसऱ्या दिवशीचा निघाला. आणि ५ जानेवारीच्या नोंदींत अ‍ॅस्ट्रोसॅटला गॅमा किरणांचा एक स्वतंत्र स्फोट खरोखरच सापडला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मुंबई-पुण्याच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. एक भ्रम वेळीच दूर करणे हेही नव्या शोधाइतकेच मोलाचे काम होय, जरी त्याची बातमी तेवढी गाजत नाही.

कोजागरीच्या त्या संध्याकाळी मग कोण जागे होते? अमेरिकेच्या ‘फर्मी’ उपग्रहाने स्फोट लगेच नोंदला, परंतु त्याला अचूक दिशा सांगता येत नव्हती. अचूक दिशा सांगणारा ‘स्विफ्ट’ उपग्रह त्या क्षणी तिकडे पाहत नव्हता. त्याला तो बिंदू दिसला तो त्रेपन्न मिनिटांनी, भारतात सात वाजून चाळीस मिनिटे झाली असता. तोही प्रथम फसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याला लागून असल्यामुळे हा आपल्याच आकाशगंगेतील एखादा नवा तारा उजळला असावा, असे वाटले. दोन्ही नोंदी एकाच घटनेच्या आहेत हे उमगेपर्यंत काही तास लोटले. भारताच्या आकाशात तो बिंदू मध्यरात्रीपर्यंत होता, पण त्याच्या दृश्य प्रकाशाचा पहिला तास सगळ्यांच्याच हातून गेला.

एक पहारेकरी मात्र योगायोगाने जागा होता. चीनच्या सिचुआन प्रांतातील पर्वतावर ‘ल्हासो’ ही वेधशाळा जमिनीवर हजारो उपकरणे पसरून बसलेली आहे. अतिऊर्जावान किरण वातावरणात शिरताना कणांचा जो वर्षाव होतो तो ती टिपते. तिला कोठे वळावे लागत नाही. डोक्यावरचे सारे आकाश तिच्या पुढ्यातच असते. पहिल्या पाऊण-एक तासात तिने अशा ६४,००० हून अधिक किरणांची नोंद केली, आणि उत्तरदीप्ती चढते कशी व उतरते कशी हे इतक्या प्रखर ऊर्जेत प्रथमच पाहावयास मिळाले. सुमारे अकरा मिनिटांनी उतार एकाएकी तीव्र झाला. त्यावरून झोताचा अर्धकोन अवघा ०.८ अंश निघाला, म्हणजे सगळा झोत आकाशातील तीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढाच रुंद. इतका निमुळता झोत आणि तो नेमका आपल्या रोखाने, म्हणूनच हे विलक्षण तेज. असा प्रसंग दहा हजार वर्षांत एखाद्या वेळीच येत असावा, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे.

त्यानंतरची कामे ठरल्याप्रमाणे झाली. चिलीमधील मोठ्या दुर्बिणीने अंतर निश्चित केले. आकाशगंगेतील धुळीच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या क्ष-किरणांची वलये त्या जागेभोवती दिवसेंदिवस रुंदावताना दिसली, आणि त्या वलयांवरून धुळीच्या ढगांची अंतरेही मोजून झाली. मूळ ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष मात्र प्रखर उत्तरदीप्तीमागे दडून राहिले होते. ती पुरेशी ओसरल्यावर, सहाएक महिन्यांनी, जेम्स वेब दुर्बिणीने त्या जागी अतिनवताऱ्याची खूण पाहिली. हे निष्कर्ष एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आश्चर्य असे की, एवढ्या दांडग्या स्फोटामागचा अतिनवतारा अगदी सामान्य तेजाचा निघाला. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशाच स्फोटांत घडत असावीत, असा अनेकांचा कयास होता. वेबने घेतलेल्या वर्णपटात त्यांचा मागमूस आढळला नाही.