न भरलेल्या रकान्यांची पन्नास वर्षं

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पालकांना तारीख आठवेना, शाळा जूनमध्ये उघडायची, मग गुरुजींनीच तो रकाना भरून टाकला. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत हेच काम ‘डिफॉल्ट’ करतो. तो ठरवतो तक्ता आखणारा.

चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये ‘सीक्वेल’ मांडली, १९८६ मध्ये एसक्यूएल म्हणून तिचं प्रमाण ठरलं. १९९२च्या प्रमाणात एक भलतंच मोकळं वाक्य आलं: ‘इन्सर्ट इन्टू पावत्या डिफॉल्ट व्हॅल्यूज’. एकही किंमत न देता पुरी ओळ तयार. पावती क्रमांक आणि तारीख डेटाबेसच घालतो. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींना हे वाक्य चालतं, मायएसक्यूएलला रिकामे कंस लागतात.

मायएसक्यूएलची जुनी खोड याहून वाईट. ‘नल’, म्हणजे ‘किंमतच नाही’ ही खूण, चालणार नाही असं बजावलेल्या रकान्यात किंमत दिली नाही, तर ते गुपचूप शून्य किंवा कोरा मजकूर भरायचं. २०१५च्या ५.७ आवृत्तीपासून मुळातच कडक शिस्त लागली. फारच उशीर! ‘नल’ची गंमत वेगळी: रकान्याचं नाव घेऊन ‘नल’ लिहिलात, तर डिफॉल्ट लागत नाही, ‘नल’च जातो. नवशिके आजही इथे ठेचकाळतात. ओरॅकलने २०१३ मध्ये त्यासाठी ‘डिफॉल्ट ऑन नल’ आणलं.

आता दिल्लीतल्या मयूर विहारात गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांचा तक्ता मांडायचा आहे असं समजा. पावतीच्या तारखेला आजचा दिवस हा डिफॉल्ट उत्तम. शहराला ‘दिल्ली’? नोएडा लागूनच आहे, तिथलेही वर्गणी देणार. पिनकोडला ११००९१ ठेवायचा मोह होतोच, पण तो फेज एकचा. फेज तीनचा ११००९६. एकसारख्या गावनावांचा आणि चुकीच्या पत्त्यांचा घोळ मिटावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालते. तिच्यातच डिफॉल्ट घालून घोळ करायचा, म्हणजे कमाल झाली. शिवाय भरून दिलेला ११००९१ आणि आपोआप बसलेला ११००९१ तक्त्यात अगदी सारखे दिसतात. ‘नल’ असता तर निदान कुणी फोन करून विचारलं असतं.

तुमच्या मंडळाच्या तक्त्यात पिनकोडला डिफॉल्ट असेल, तर यंदाच्या पावत्या फाडण्याआधी तो काढून टाका.