शाळा उघडते, आम्ही घरीच असतो

आम्ही बार्शीटाकळी तालुक्यातल्या निवृत्त शिक्षिका. उन्हाळ्याच्या सुट्या संपून शाळेची घंटा वाजली की आम्हाला हायसं वाटतं. गावातल्या बाया विचारतात, "बाई, लेकरांची आठवण नाही येत का?" येते. तरी मोकळंही वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. असं का होतं, ते आज सांगतो.

आधी तारखांचं पाहू. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. त्या काळी घरी जन्माची नोंद नसे. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजीच १ जून लिहून टाकत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे, ऐन सुट्यांत! त्या दिवशी शाळेला कुलूप असतं, त्यामुळे फरक काहीच जाणवत नाही. निवृत्ती खरी कळते ती शाळा उघडते त्या सकाळी.

आपल्या विदर्भात ऊन फार, म्हणून शाळाही उशिरा उघडतात. २०२४ मध्ये बाकीच्या महाराष्ट्रात १५ जूनला शाळा सुरू झाल्या, आपल्याकडे १ जुलैला. तेव्हाच वावरात पेरणीची घाई असते. घरात बियाणं-खताची चिंता, मजुरांच्या भाकरी, आणि तिकडे शाळेचा पहिला दिवस. पुस्तकं वाटा, वर्ग झाडून घ्या, पट कमी होऊ नये म्हणून दारोदार जाऊन पहिलीची लेकरं शोधा.

त्यात शिकवण्याबाहेरची कामं वेगळी. शाळेतली खिचडी तुमच्यापैकी कित्येकींनी शिजवली असेल. तिच्या तांदळाचा आणि ताटांचा हिशेब आम्ही लिहिला. मतदार यादी घेऊन उन्हात फिरलो. मोबाईलवर माहिती भरत रात्री जागलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये. पण एवढ्या तीन कामांतही बरेच दिवस जातात.

तरी सुटी संपताना जिवावर येत असे, ते लेकरांमुळे नाही. सुटीत विसावाच मिळालेला नसे. मे महिना म्हणजे लग्नसराई, कुरडया-पापड, वर्षाचं तिखट-हळद, घरी आलेले पाहुणे. "बाईला सुट्या आहेत" म्हणून राहिलेलं सगळं काम आमच्याच वाट्याला येई. शाळेची सुटी होती, पण चुलीची नव्हती. थकलेल्या अंगानेच आम्ही पुन्हा शाळेत जात होतो. आज हायसं वाटतं ते त्यासाठी.

या मोकळेपणाला पेन्शनचा आधार आहे. तो सगळ्यांना सारखा नाही. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्यांसाठी पगारातून वर्गणी कापण्याची योजना आली. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा संप झाला तो याच जुन्या पेन्शनसाठी. आणि मैत्रिणींनो, तुमच्यासारख्या निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाईला तर ५८ वर्षांची रेषाच नाही. ती अंग चालेल तोवर राबते. हे आम्ही विसरत नाही.

पण निवृत्त बाई दिसली, की घरचे म्हणतात, "आता रिकामीच आहे, नातवंडं सांभाळेल." गट म्हणतो, "आमचं रजिस्टर लिहून द्या." शाळेची पाळी सुटते आणि तिच्या जागी दुसऱ्या तीन येतात. म्हणून आमची तुम्हाला विनंती आहे. पहिला पावसाळा तिला मोकळा द्या. मग विचारा, आणि ती "नाही" म्हणाली तर राग धरू नका. "हो" म्हणाली तर दिवस आणि वेळ ठरवून घ्या. बुधवारी एक तास म्हणजे एकच तास. हिशेब तिच्याकडून लिहून घेण्यापेक्षा तिच्याजवळ बसून शिकून घ्या. तिला शिकवणं आवडतं, आणि तुमचं रजिस्टर तुमच्याच हाती राहील.

ज्यांना दुपारी घर खायला उठतं, त्यांनी आपल्या मर्जीने शाळेत जाऊन लेकरांना गोष्ट वाचून दाखवावी. हजेरी नाही, अहवाल नाही. वाटलं तर जायचं, नाही तर पावसाकडे बघत चहा प्यायचा.

घरात असा चहा तुम्हालाही मिळाला पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगा, आठवड्यातला कोणता एक तास माझा. तो तास घरच्यांनाही सांगून ठेवा.